यंत्र दगड सांगते, पाणी नाही

(बीड जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सकाळपासून भावावर बोलणे झाले, कर्जावर झाले, वीजबिलावर झाले. मला जमिनीखालच्या दगडावर बोलायला सांगितले आहे. जेवणाच्या आधी दगडावर काय ऐकायचे, असे मागच्या रांगेतल्या काही जणांच्या तोंडावर मला दिसते आहे. पण ज्यांच्या डोक्यावर कर्ज आहे त्यांनी जरा आठवून पाहावे, त्यातला किती हिस्सा दगडात गेला.

पीककर्जाला सोसायटी आहे, बँक आहे. कोरड्या बोअरला कोणी कर्ज देत नाही. तो पैसा सावकाराकडून येतो, पाहुण्याकडून येतो, नाहीतर मुकादमाच्या उचलीतून येतो. तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडची गाडी संध्याकाळी शिवारात शिरते, रात्रभर धडधडते, आणि सकाळी बांधावर पांढऱ्या-करड्या भुकटीचा ढीग राहतो. गाडी फुटाचे पैसे रोख घेऊन पुढच्या गावाला जाते. पाणी लागले काय, न लागले काय, तिचा फुटाचा भाव तोच. दसरा-दिवाळीनंतर त्या घरातून एक कोयता जास्त निघतो. आमच्या जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणारी माणसे मोजणाऱ्यांनी पाऊस मोजला, जमीन मोजली. त्यातली किती जण कोरड्या बोअरची उचल फेडायला चालली आहेत हे कोणी मोजलेले मी पाहिले नाही.

आता गावोगाव पाणी शोधणारी यंत्रे घेतलेली माणसे फिरू लागली आहेत. कोणी पेटी आणतो, कोणी मोबाईलवर रंगीत चित्र दाखवतो. चार हजार घेतात, सहा हजार घेतात. लोक मला विचारतात, हे खरे का खोटे? शास्त्र खरे आहे. प्रश्न असा आहे, की ते शास्त्र काय सांगते आणि आपण त्याच्याकडून काय ऐकतो.

आधी आपल्या पायाखाली काय आहे ते पाहू. बीड जिल्हा सगळा काळ्या दगडावर बसला आहे. गोदावरीच्या काठाने गेवराई-माजलगावकडे नदीने आणून टाकलेला गाळ आहे, काळी खोल आहे, पण त्याच्याही खाली हाच दगड. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तप्त रस वर आला, पसरला, थिजला. मग त्यावर दुसरा थर, तिसरा थर. भाकरीची चवड रचावी तसे हे थर एकावर एक आडवे पडलेले आहेत. महाराष्ट्राची पाचांतली चार हिस्से जमीन अशीच आहे. भाकरी जशी वरून फुगलेली आणि खालून घट्ट असते, तसाच हा प्रत्येक थर. वरच्या अंगाला वायूचे बुडबुडे अडकून भोके पडलेली, त्याला आपण मांजऱ्या म्हणतो. खालच्या अंगाला घट्ट कातळ, त्यात कुदळ शिरत नाही आणि पाणीही शिरत नाही. दोन थरांच्या मधे कधी कधी लाल गेरूचा पट्टा असतो. विहीर खोदणाऱ्याला हे सगळे पाठ आहे: माती, मुरूम, मांजऱ्या, कातळ, गेरू, पुन्हा मांजऱ्या.

वाळूत पाणी कणाकणांत सर्वत्र असते. गंगेच्या मैदानात कुठेही नळी घाला, पाणी मिळते. आपल्याकडे पाणी दगडात नसते. दगडाच्या कुजलेल्या भागात, सांध्यात, भेगेत असते. म्हणून एकाची विहीर वैशाखात भरलेली आणि बांधापलीकडे दुसऱ्याचे बोअर कोरडे, हे आपल्याकडे होते. यात नशीब काही नाही. त्याच्या जागी भेग आहे, ह्याच्या जागी नाही.

आता यंत्राकडे वळू. कोरड्या फरशीवर उभे राहून वायरला हात लागला तर झटका बसतो तो वेगळा आणि ओल्या फरशीवर बसतो तो वेगळा, हे मोटर सुरू करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. ओल विजेला वाट देते, कोरडा दगड अडवतो. ह्याच गोष्टीचे मोजमाप फ्रान्समध्ये कॉनराड श्लंबर्जे नावाच्या माणसाने १९१२ च्या सुमारास सुरू केले, तेही पाण्यासाठी नव्हे, जमिनीतल्या धातूसाठी. जमिनीत एका ओळीत चार लोखंडी खुंट्या ठोकायच्या. बाहेरच्या दोन खुंट्यांतून बॅटरीची वीज जमिनीत सोडायची. आतल्या दोन खुंट्यांत दाब किती पडतो ते मोजायचे. दाबाला प्रवाहाने भागायचे, खुंट्यांच्या अंतराप्रमाणे एका आकड्याने गुणायचे, म्हणजे त्या जमिनीचा विजेला होणारा विरोध निघतो. तो ओम-मीटरमध्ये सांगतात. बाहेरच्या खुंट्या जवळ असल्या की वीज वरवरच्या मातीतून जाते. त्या दूर दूर नेत गेले की वीज खोल उतरते. म्हणजे खुंट्या हलवायच्या आणि जमिनीच्या आतले एकेक पदर वाचायचे. युक्ती एवढीच आहे.

आपल्या काळ्या दगडात साधारण असे आकडे येतात. काळी चिकण माती १० ओम-मीटरच्या आसपास किंवा त्याच्याही खाली. पाणी धरलेला कुजका मुरूम २० ते ४०. पाणी असलेला भेगाळ मांजऱ्या ४० ते ७०. घट्ट कातळ १०० च्या वर, कधी कित्येक शेकडे. जागेजागेला हे बदलतात, पण घोटाळा कुठे आहे तो तुम्ही ध्यानात घ्या. आकडा कमी म्हणजे पाणी, असे नाही. सर्वांत कमी आकडा चिकण मातीचा आणि गेरूचा. गेरू ओला असतो, पण पाणी सोडत नाही. खारे पाणी असले तरी आकडा खाली येतो. आणि वैशाखात सुकलेला मुरूम कातळासारखा आकडा दाखवतो. यंत्राला पाणी दिसत नाही. त्याला विजेला होणारा विरोध दिसतो, त्यावरून दगडाचा अंदाज येतो आणि दगडावरून पाण्याचा. ह्या दोन अंदाजांच्या मधे एक माणूस उभा असतो. फी त्या माणसाच्या डोक्याची आहे, पेटीची नाही.

पाणाड्याचे काय, असे कोणी तरी विचारणारच. पाणाड्याला मी शिव्या घालणार नाही. तो आपल्यातलाच आहे, आणि पुष्कळदा गरीब आहे. जमिनीवरच्या खुणांवरून पाणी शोधण्याची आपल्याकडची परंपरा जुनी आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत दकार्गल नावाचा अध्यायच त्यावर लिहिला. त्यात झाडे आहेत, वारुळे आहेत. उन्हाळ्यात हिरवे राहिलेले उंबराचे झाड, नाल्याचा वळसा, उताराचा पायथा, हे पाहणारा म्हातारा पाणाड्या बेवकूफ नसतो. ही निरीक्षणे आहेत आणि ती कामाची आहेत. पण हातातली काटकी किंवा तळहातावरचा नारळ काही सांगतो, याला आधार मिळालेला नाही. जर्मनीत कासेल येथे १९९० मध्ये सुमारे तीस पाणाड्यांची परीक्षा घेतली. जमिनीखाली नळ पुरला, कधी त्यातून पाणी सोडले, कधी बंद केले, आणि आता वाहते की नाही एवढेच ओळखायला सांगितले. छापा-काटा करून जेवढे बरोबर आले असते तेवढेच आले.

मग पाणाड्याचे पाणी लागते कसे? नाल्याच्या बाजूला, कुजक्या खडकाच्या पट्ट्यात विहीर घेतली तर बऱ्याच जागी थोडेफार पाणी लागणारच. लागले त्याचे गाव नाव काढते, न लागले त्याचे मालक नाव काढत नाही. यंत्रवाल्यालाही हाच नियम लावा. 'माझी दहांतली आठ पाणी लागली' असे तो म्हणाला, तर विचारा: त्या जागी डोळे मिटून बोअर घेतले असते तर दहांतली किती लागली असती? सातांची आठ झाली असली, तर त्याने एकाच्याच हिश्शाचे काम केले.

तरी मी म्हणतो, तेवढ्या एका-दोनाच्या फरकासाठीसुद्धा सर्व्हे परवडतो. हिशेब करू. समजा फुटाला १०० रुपये, ४०० फूट बोअर, म्हणजे ४० हजार. केसिंग आणि बाकीचे १५ हजार. एक बोअर ५५ हजारांना. समजा गावात दहा जणांनी सर्व्हेशिवाय बोअर घेतले आणि पाच कोरडे गेले. सर्व्हे करून घेतले आणि तीन कोरडे गेले. दोन बोअर वाचले, एक लाख दहा हजार वाचले. दहा सर्व्हेंना प्रत्येकी तीन हजार धरले तर तीस हजार गेले. ऐंशी हजारांचा फायदा. पण हा फायदा दहा जणांचा मिळून आहे. ज्याचे सर्व्हे करूनही कोरडे गेले त्याचे ५५ च्या जागी ५८ हजार गेले, आणि तो यंत्राला शिव्या देत फिरणार. एकट्या माणसाने एकदा घेतलेला सर्व्हे म्हणजे लॉटरीच, फक्त जरा बऱ्या तिकिटाची. गावाने मिळून घेतला तर तो व्यवहार होतो. ह्या मुद्द्यावर मी पुन्हा येणार आहे.

त्याआधी एक गोष्ट सांगायची आहे, ती यंत्रवाले सहसा सांगत नाहीत. खुंट्यांचे हे यंत्र वरचे शंभर-दीडशे फूट चांगले वाचते. कुजलेल्या खडकाची जाडी किती, कातळ कुठे लागतो, गेरू आहे का, हे ते बऱ्यापैकी सांगते. पण पाचशे फुटांवर हातभर जाडीची एक भेग आहे की नाही, हे त्याला वरून कळत नाही. कळणार कसे? वीज एवढ्या दगडातून फिरून येते आणि सगळ्याची सरासरी सांगते. पोतेभर ज्वारीत चार दाणे गव्हाचे असले तर पोत्याच्या वजनावरून ते समजतील काय? तेव्हा 'पाचशे वीस फुटांवर दोन इंची पाणी आहे' असे जो आकडा लावून सांगतो, त्याने तो यंत्रातून काढलेला नाही. त्या रंगीत चित्रांचेही तसेच. चित्राच्या कडेला लिहिलेली खोली पुष्कळदा यंत्राने मोजलेली नसते, गृहीत धरलेली असते.

आणि गंमत पाहा. यंत्र जे चांगले वाचते, ते वरचे कुजलेले खडक, ते पाणी विहिरीचे. बोअर घेताना आपण काय करतो? वरची माती ढासळू नये म्हणून पन्नास-साठ फूट केसिंग घालतो आणि तेच पाणी बाहेर ठेवतो. सर्व्हेवाला म्हणतो जागा चांगली आहे, त्याला ४० फुटांवर ओला मुरूम दिसलेला असतो. आपण तिथे बोअर घेतो, तो मुरूम नळीने बंद करतो आणि खालच्या कातळात पाणी शोधतो. मग म्हणतो यंत्र खोटे. सर्व्हेचा कागद विहिरीची जागा सांगत असेल तर तिथे विहीर घ्यायची. आठ-दहा परस खोल, रुंद, आणि तळाशी मांजऱ्याच्या पट्ट्यात चारी बाजूंना आडवे बोअर. विहिरीला दिवस लागतात, यारी लागते, माणसे लागतात, हे मला मान्य आहे. बोअर एका रात्रीत होतो. घाईचे हे पैसे आहेत.

आपल्या बीड शहराजवळच खजाना विहीर आहे. सोळाव्या शतकात निजामशाहीच्या काळात ती बांधली. अचाट खोल नाही. पण जागा अशी धरली आहे, की झऱ्यांचे पाणी भुयारी पाटाने उताराने आपोआप पुढे शेतात जावे, मोट नको, मोटर नको. ती बांधणाऱ्याजवळ पेटी नव्हती. त्याने उतार, नदी आणि दगड वाचला.

खोल गेले की पाणी मिळतेच, ही समजूत आपल्याकडे फार पक्की झाली आहे. तीनशेला नाही लागले तर पाचशे, पाचशेला नाही तर आठशे. खाली पाताळात समुद्र आहे आणि आपली नळी तेवढी तोकडी पडते आहे, असा काहीसा समज. खाली काय आहे ते शेजारच्या लातूर जिल्ह्यात पाहून झाले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी किल्लारीला ६१७ मीटर खोल छिद्र घेतले, म्हणजे दोन हजार फुटांच्या वर. त्यात ३३८ मीटरपर्यंत, अकराशे फुटांपर्यंत, हाच काळा दगड होता, थरावर थर. त्याखाली जेमतेम ८ मीटर गाळाचा थर, आणि मग त्याहून जुना कठीण खडक. समुद्र नाही. आपल्याकडे जाडी थोडी कमी-जास्त असेल, पण आठशे फुटांचा बोअर ह्याच भाकऱ्यांच्या चवडीत फिरत असतो. खोलवर एखादी भेग लागतेही, पहिल्या वर्षी पाणी जोरात येते. ते वर्षानुवर्षे साचलेले असते. ते उपसले की त्याच्या भरण्याचा वेग कळतो, तिसऱ्या उन्हाळ्यात.

राज्याने २००९ चा भूजल कायदा केला, राष्ट्रपतींची संमती मिळून तो २०१३ मध्ये आला. अधिसूचित क्षेत्रात ६० मीटरपेक्षा खोल जाण्यावर त्यात बंधन आहे. आकडा शास्त्राला धरून आहे. पण रात्री शिरणाऱ्या गाडीला कलम दिसत नाही, आणि परवानगीच्या खिडक्या वाढल्या की काय होते ते मी तुम्हाला सांगायला नको. ज्याला दगड समजला तो स्वतःच्या पैशासाठी ६० मीटरवर थांबेल.

यंत्रवाला शिवारात आला तर काय करायचे, ते सांगतो. तारेची एकूण लांबी मोजा. टोकापासून टोकापर्यंत जेवढी तार पसरली त्याच्या पाव ते तिसऱ्या हिश्शाएवढ्याच खोलीचे त्याला काही कळते. शंभर मीटर तार पसरून तीनशे फुटांची गोष्ट करणाऱ्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. तारेच्या रेषेजवळ विजेचे खांब, तारेचे कुंपण, लोखंडी पाइपलाइन नको, वीज तिकडूनच पळते. उन्हाळ्यात खुंटीच्या बुडाशी पाणी ओतावे लागते, मिठाचे असले तर उत्तम. जो ओतत नाही त्याला घाई आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचे. नवी जागा दाखवण्याच्या आधी त्याला तुमच्या जुन्या विहिरीजवळ यंत्र लावायला सांगा. तिथले थर तुम्हाला माहीत आहेत: किती परसावर मुरूम संपला, कुठे मांजऱ्या, कुठे झरा. मग गावातल्या एखाद्या कोरड्या बोअरजवळ लावायला सांगा. दोन्हीकडचे आकडे लिहून घ्या. ह्या शिवारात पाण्याचा आकडा कोणता आणि कोरड्याचा कोणता, हे आता कळले. पुस्तकातल्या आकड्यापेक्षा हा आकडा मोलाचा. जाणकार माणूस हे आपण होऊन करतो, त्याला राग येत नाही. ज्याला राग येतो त्याचे उत्तर तिथेच मिळाले.

काम संपल्यावर तो खडूने जमिनीवर फुली मारतो आणि निघतो. फुली घेऊ नका, कागद घ्या. खुंट्यांचे अंतर, प्रत्येक वेळचा आकडा, त्यावरून काढलेले थर, आणि खाली त्याची सही. पैसे तुम्ही दिले, आकडे तुमचे. सरकारी योजनेतल्या विहिरीसाठी पाणी उपलब्धतेचा दाखला लागतो, तो वेगळा. दाखला म्हणजे ह्या भागात विहीर घ्यायला हरकत नाही. ह्या गटात कुठल्या कोपऱ्यात कुदळ घालायची, ते त्यात नसते.

आता गावाच्या मुद्द्यावर येतो. बहात्तरच्या दुष्काळाच्या सुमारास आपल्याकडे बोअरयंत्रे आली. शेजारी जालन्यात मिशनच्या लोकांनी त्याच्या थोडे आधी हवेच्या दाबावर हातोडा मारणारे यंत्र आणले होते. जालन्याच्या आणि सोलापूरच्या मिशनवाल्यांनी सुधारलेल्या हातपंपांतूनच पुढे देशभर गेलेला इंडिया मार्क टू हापसा घडला. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणाही त्याच काळातली. पन्नास वर्षे झाली. ह्या पन्नास वर्षांत आपल्या जिल्ह्याच्या जमिनीला किती छिद्रे पडली असतील? प्रत्येक छिद्राने खालचा दगड वर आणून दाखवला. प्रत्येकाचे पैसे शेतकऱ्याने मोजले. आणि त्यातले लिहून काय ठेवले? काही नाही. जी माहिती मिळवायला शास्त्रज्ञ लाखो रुपये खर्च करतात, ती भुकटी आपण बांधावरून पायाने सारली.

२०१३ च्या सुमारास केंद्राच्या भूजल मंडळाने आणि हैदराबादच्या भूभौतिकी संस्थेने देशात सहा जागी प्रयोग केला, त्यातली एक आपल्या राज्यात नागपूरकडची. हेलिकॉप्टरखाली मोठे कडे टांगून वरूनच जमिनीचे थर वाचले. फार चांगले काम. पण तिथेसुद्धा हेलिकॉप्टरचे आकडे खरे की खोटे हे ताडायला शेवटी जमिनीतल्या बोअरची नोंदच लागते. आपल्या शिवारावर हेलिकॉप्टर येईल तेव्हा येईल. नोंद आजपासून होऊ शकते.

एक वही करा. गावात बोअरची गाडी आली की दर दहा फुटांची भुकटी वेगळी ठेवायची, दहावी-बारावीचे एखादे पोर बसवायचे. किती फुटांवर रंग बदलला, कुठे लाल आले, कुठे हातोडा हलका पडला, कुठे ओल, कुठे धार, किती इंची. गट नंबर, तारीख. कोरडे गेले तर ते आधी लिहायचे. जुने बोअर-विहिरी ज्याच्या त्याला विचारून लिहायचे, म्हाताऱ्यांना फुटाफुटाचे आठवते. पंचवीस-तीस नोंदी झाल्या की गावाच्या नकाशावर मांडायच्या. मग सगळ्यांनी वर्गणी काढून सर्व्हे करायचा. एकेकाच्या गटात फुली मारायला नाही, तर नाल्यापासून माळापर्यंत शिवाराच्या आरपार चार-पाच रेषा. भेगाळ पट्टा कुठून कुठे जातो, ते गावाला कळते. पट्टा बांध पाहून थांबत नाही. ज्याचा गट पट्ट्यात नाही त्याला यंत्रवाल्याने 'नाही' सांगितले तर तीन हजारांत त्याचे ५५ हजार वाचले. 'नाही' सांगणाऱ्याला आपण पैसे द्यायला शिकले पाहिजे. आज त्याला 'हो' म्हटल्याशिवाय फी मिळत नाही, म्हणून तो 'हो' म्हणतो.

शेवटी, पट्टा सापडला म्हणजे पाणी वाढले असे नाही. पट्ट्यावर पहिला बोअर लागला की दुसऱ्या महिन्यात त्याच रेषेवर आणखी सहा गाड्या उभ्या राहतात, आणि पहिल्याचे पाणी सातांत वाटले जाते. पाण्याचा हिशेब सोपा आहे. सोयीसाठी वर्षाचा पाऊस ६५० मिलिमीटर धरू. एका एकरावर २६ लाख लिटर पडते. त्यातले जमिनीत मुरते किती? भूजल मोजणीच्या पद्धतीत काळ्या दगडाच्या प्रकाराप्रमाणे साधारण सात ते तेरा टक्के धरतात. दहा धरू. २ लाख ६० हजार लिटर. एका एकर उसाला पाऊस सोडून वरचे पाटपाणी १,५०० मिलिमीटर धरले, तर ६० लाख लिटर होते. म्हणजे एक एकर ऊस तेवीस एकरांचे मुरलेले पाणी पितो. ठिबक केले तर बारा-चौदा एकरांचे पिईल. ऊस लावू नका असे मी म्हणत नाही. ज्याला भाव मिळतो ते पीक शेतकरी घेणार, आणि बाकीच्या पिकांना भाव का मिळत नाही, यावर सकाळी पुरेसे बोलून झाले. पण हे तेवीस एकर कोणाकोणाचे आहेत, ते त्या वहीत दिसेल. आष्टीच्या सीमेपलीकडे हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घ्यायचे नाहीत असे ठरवले आणि दरवर्षी पाण्याचा हिशेब गावासमोर मांडून पिके ठरवली. सगळ्या गावांना ते तसेच्या तसे जमेल असे मला वाटत नाही. हिशेब मांडणे मात्र कोणालाही जमते.

आता जेवणे होतील. जेवणानंतर मागच्या मोकळ्या मैदानात खुंट्या ठोकून यंत्र लावून दाखवणार आहोत. शेजारी एक विहीर आहे, तिचे थर कोणी आधी सांगू नका. ज्यांना तार ओढायची आहे त्यांनी दोन पहारी आणि एक घागर पाणी घेऊन यावे. मीठ माझ्याजवळ आहे.